मोकळें माकड व त्याच्या मेंदूची बिनतारी वार्ता

माकड कधीं पाहिलें नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत शोधूनही सांपडणार नाहीं. देवळाच्या आवारांत हातांतील नारळ हिसकावून नेणारें, कौलांवरून धांवतांना घरधन्याचा रोष ओढवून घेणारें, घाटांतील वळणावर कठड्यावर ओळीनें बसणारें हें जनावर आपल्या इतक्या परिचयाचें आहे कीं, त्याच्याकडे आपण फारसें लक्ष देत नाहीं. परंतु क्षणभर लक्ष देऊन पाहा. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी घेण्यापूर्वी तें किंचित् थांबतें, अंतर मोजतें, पुढची फांदी आपला भार सोशील कीं नाहीं याचा अदमास घेतें आणि मगच उडी टाकतें. पोटाशीं पोर बिलगलेलें असलें तर त्याच्या वजनाचाही हिशेब त्या उडींत धरलेला असतो. हें सर्व गणित ज्या मेंदूंत होतें तो एका लहान संत्र्याएवढा असतो. उडीच्या त्या क्षणीं त्या मेंदूंत काय घडतें तें आपणांस दुरून ऐकतां येईल काय? माकडास न बांधतां, त्याच्या स्वच्छंद वागण्यांत व्यत्यय न आणतां, तें ऐकण्याची विद्या शास्त्रज्ञांस अलीकडे साध्य झाली आहे. ती कशी साधली, तिच्यापासून काय निष्पन्न झालें, आणि असें करण्याचा मनुष्यास कितपत अधिकार आहे, या तीन गोष्टींचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम मेंदूची भाषा कोणती तें पाहूं. मेंदू हा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला आहे. मनुष्याच्या मेंदूंत या मज्जापेशींची संख्या सुमारें ८६ अब्ज आहे. उत्तर भारतांत आढळणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाच्या मेंदूंत ती सुमारें ६ अब्ज, तर मोठ्या उंदराच्या मेंदूंत अवघी २० कोटींच्या आसपास असते. प्रत्येक पेशी जवळच्या व दूरच्या पेशींस निरोप पाठविते, आणि हा निरोप म्हणजे विजेचा एक क्षणिक स्पंद होय. एक स्पंद सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागापुरता टिकतो. पेशीच्या लगत ठेवलेल्या तारेवर त्याचें बळ एका व्होल्टाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरतें. हातांत धरावयाच्या विजेरींतील एका सेलचें बळ दीड व्होल्ट, म्हणजे या स्पंदाच्या पंधरा हजारपट असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा आवाज किती क्षीण आहे याची कल्पना येईल. एके काळीं तारायंत्राच्या कचेरींत ‘कड’ व ‘कट्ट’ या दोनच आवाजांनीं जगांतील सुखदुःखाच्या वार्ता येत असत. मेंदूंतील पेशीजवळ तर एकच आवाज आहे. तो कोणत्या क्षणीं उमटतो, एका सेकंदांत किती वेळां उमटतो, आणि त्याच वेळीं इतर पेशी काय करीत असतात, यावरून त्याचा अर्थ लावावा लागतो.

ही भाषा ऐकण्याचा प्रयत्न फार जुना आहे. प्राण्यांच्या शरीरांत वीज वावरते हें इटलींतील गॅल्व्हानी यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस बेडकाच्या पायांवर प्रयोग करून दाखविलें. इ. स. १८७५ सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन या वैद्यानें ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूस विद्युन्मापकाच्या तारा लावून तेथेंही क्षीण प्रवाह वाहतात असें जाहीर केलें. जर्मनींत जेना येथील हान्स बर्गर यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. इस्पितळांत फेंफऱ्याच्या रोग्याच्या डोक्यास तारा लावून जो आलेख काढतात, तो याच शोधाचें फळ होय. परंतु कवटीच्या बाहेरून मेंदू ऐकणें म्हणजे मोठ्या जत्रेचा गलबला गांवाबाहेरच्या टेकडीवरून ऐकण्यासारखें आहे. गर्दी वाढली कीं ओसरली एवढें त्यावरून समजतें; कोण कोणाशीं काय बोलतो तें समजत नाहीं. तें समजावयाचें तर जत्रेंत शिरून बोलणाऱ्याच्या शेजारीं उभें राहिलें पाहिजे. शास्त्रज्ञांनीं केसाहूनही बारीक टोंकांच्या तारा थेट मेंदूंत नेऊन पेशींच्या शेजारीं उभ्या केल्या, तेव्हां कोठें एकेका पेशीचा स्वर निराळा ऐकूं येऊं लागला.

या कामासाठीं माकडच कां निवडलें, असा प्रश्न आमचे चौकस विद्यार्थी अवश्य विचारतील. निरोगी मनुष्याच्या मेंदूंत केवळ कुतूहलापोटीं तारा घालणें कोणत्याही सज्जनास मान्य होणार नाहीं. उंदराचा मेंदू पुष्कळ गोष्टींत उपयोगी पडतो, पण उंदरास आपल्यासारखे हात नाहींत, समोर रोखून पाहणारे डोळे नाहींत, आणि चेहरे ओळखून त्यांच्याशीं वर्षानुवर्षें नातें राखण्याची आपल्यासारखी रीत नाहीं. माकडास या तिन्ही गोष्टी आहेत. त्याच्या मेंदूची ठेवणही आपल्या मेंदूशीं पुष्कळच जुळते. म्हणून हात कसा उचलला जातो, नजर कशी वळते, मित्र व शत्रु कसे ओळखले जातात, हे प्रश्न आले म्हणजे शास्त्रज्ञ माकडाकडे वळतात.

इ. स. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एडवर्ड इव्हार्ट्स यांनीं जागृत माकडाच्या मेंदूंतील एकेक पेशी, तें माकड हाताचें काम करीत असतां, ऐकण्याची पद्धति बसविली. त्याकरितां एक खास खुर्ची असे. माकडास तींत बसवीत, त्याचें डोकें यंत्रानें स्थिर करीत, आणि शिकविल्याप्रमाणें त्यानें मूठ हलविली कीं त्यास फळांच्या रसाचे दोन थेंब मिळत. या पद्धतीनें मोठें ज्ञान मिळालें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. हालचाल सुरू होण्याच्या आधींच मेंदूच्या एका विशिष्ट पट्ट्यांतील पेशी स्पंदूं लागतात, आणि हातास जितकें बळ लावावयाचें असेल त्या मानानें त्यांचा वेग बदलतो, हें इव्हार्ट्स यांनीं दाखविलें. पुढें १९८२ सालीं जॉर्गोपूलोस व त्यांचे सहकारी यांनीं असें सिद्ध केलें कीं, यांतील पुष्कळशा पेशींस एकेक आवडती दिशा असते. हात उजवीकडे जावयाचा असेल तर कांहीं पेशी जोरानें बोलतात, डावीकडे जावयाचा असेल तर दुसऱ्या. आणि त्या सर्वांचा कौल घेतला म्हणजे हात कोणीकडे जाणार तें मेंदूवरूनच सांगतां येतें.

असें असूनही एक शंका राहतेच. खुर्चींत जखडलेलें माकड हें खरें माकड आहे काय? परीक्षेच्या बाकावर निमूटपणें बसलेल्या मुलाकडे पाहून तो मैदानावर कसा धांवतो, भावंडांशीं कसा भांडतो, आजीजवळ कसा लाडावतो, हें कोणास सांगतां येईल? तीच गोष्ट येथें आहे. खुर्चींतील माकड एकच हालचाल हजारों वेळां करतें. तें चढत नाहीं, उडी मारीत नाहीं, सोबत्याच्या मागें धांवत नाहीं. ज्या कामासाठीं लक्षावधि वर्षांत त्याचा मेंदू घडत आला, त्यांतील बहुतेक कामें त्यास खुर्चींत करावयाची नसतात. एकेका गोष्टीस वेगळें काढून तपासणें ही शास्त्राची जुनी व योग्य रीत आहे. पण वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवरून सबंध जीवनाची कल्पना करणें हें धोक्याचें असतें.

उंदराच्या बाबतींत ही अडचण पुष्कळ आधीं दूर झाली होती. लंडन येथील जॉन ओकीफ यांनीं जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांच्यासह १९७१ सालीं मोकळेपणानें हिंडणाऱ्या उंदराच्या मेंदूंत हिप्पोकॅम्पस नांवाच्या भागीं अशा पेशी शोधून काढल्या कीं, उंदीर विशिष्ट जागीं आला म्हणजेच त्या स्पंदतात. उंदराच्या डोक्यांत जणुं परिसराचा नकाशाच असतो, असें यावरून दिसून आलें, आणि या शोधाबद्दल ओकीफ यांस २०१४ सालीं मोझर दांपत्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. उंदराच्या डोक्यावरून एक हलकी तार छतापर्यंत नेली कीं काम भागतें. माकडास ही युक्ति चालत नाहीं. त्याचीं बोटें आपल्यासारखीं चपळ, दांत मजबूत आणि जिज्ञासा अपार. डोक्यावर तार लोंबते आहे असें कळतांच तें ती ओढील, चावील, तिच्यांत अडकेल आणि स्वतःस इजाही करून घेईल. शिवाय तें चढतें, कोलांट्या घेतें, गजास उलटें लटकतें. तेव्हां तारेचें बंधन तोडल्यावांचून माकडास मोकळें करणें शक्य नव्हतें.

बिनतारी यंत्राची कल्पना मात्र नवी नव्हे. येल विद्यापीठांतील होसे डेल्गाडो या स्पॅनिश शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांतच डोक्यावर बसविण्याजोगें एक लहान बिनतारी यंत्र तयार केलें होतें. त्यानें माकडें व चिंपांझी यांच्यावर त्याचा उपयोग केला. परंतु डेल्गाडोचें नांव गाजलें तें निराळ्याच कारणानें. १९६३ सालीं स्पेनमध्यें कॉर्डोबा येथें अंगावर चालून येणाऱ्या बैलाच्या मेंदूंत त्यानें बिनतारी यंत्रानें विजेचा झटका पाठविला आणि बैल जागच्या जागीं थबकला. ऐकण्याचें यंत्र हुकूम सोडण्याच्याही कामीं येतें, हें त्या दिवशीं जगास दिसलें. त्या घटनेंतील भीति अद्याप विसरण्याजोगी नाहीं. तिचा विचार आम्ही पुढें करणारच आहों.

डेल्गाडोच्या काळीं अडचण होती ती वार्तेच्या प्रचंड आकाराची. स्पंद अत्यंत अल्पजीवी असल्यामुळें तो सुटूं नये म्हणून प्रत्येक तारेवरील विजेचें मोजमाप एका सेकंदांत सुमारें ३०,००० वेळां घ्यावें लागतें. तारा ९६ असल्या तर एका सेकंदांत २८,८०,००० आंकडे गोळा होतात. एका तासांत ही संख्या एक हजार कोटींच्या पुढें जाते. इतके आंकडे एका चिमुकल्या यंत्रानें हवेंतून पाठवावयाचे, तेंही तें यंत्र न तापतां व बॅटरी लवकर न संपतां, ही गोष्ट गेल्या शतकांत साधण्याजोगी नव्हती. ज्या सुधारणांमुळें आपल्या खिशांतील दूरध्वनियंत्र इतकें लहान व इतकें शक्तिमान् झालें, त्यांच्याच बळावर हें काम शेवटीं शक्य झालें.

इ. स. २०१४ हें वर्ष या बाबतींत महत्त्वाचें ठरलें. अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठांतील मंडळींनीं त्या सालीं एका बिनतारी यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचें वजन ५० ग्रॅमहून कमी असून तें शंभर तारांवरील वार्ता एकदम पाठवी, आणि एकाच लहान सेलवर ४८ तास चाले. मेंदूंतील तारांचा भाग म्हणजे चार मिलिमीटर लांबीरुंदीची एक चौकोनी चकती असते. तिच्यावर दहा ओळींत दहा दहा सूक्ष्म सुया उभ्या असतात. ही चकती मेंदूच्या पृष्ठभागीं बसवितात व वरचें यंत्र कवटीस घट्ट जोडतात. हें काम माकडास पूर्ण गुंगी देऊन, मनुष्याच्या शस्त्रक्रियेइतक्याच स्वच्छतेनें करावें लागतें. मेंदूच्या गाभ्यास स्वतः वेदना जाणवत नाहीं, ही निसर्गाची एक विलक्षण गोष्ट आहे. कातडी व कवटीवरील आवरण यांस मात्र ती जाणवते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध द्यावें लागतें. त्याच वर्षीं ड्यूक विद्यापीठांतील मिगेल निकोलेलिस यांच्या प्रयोगशाळेनेंही आपलें काम प्रसिद्ध केलें. मोकळ्या वावरणाऱ्या माकडाच्या मेंदूंतील जवळ जवळ ५०० पेशी त्यांस एकाच वेळीं ऐकूं आल्या, आणि हें ऐकणें सतत पांच वर्षें टिकवितां आलें.

येवढ्यानें सर्व अडचणी संपल्या असें कोणी समजूं नये. माकडानें दाणा चावला कीं जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या क्षीण आवाजांत मिसळते. डोकें गजावर आपटलें कीं खोट्या स्पंदांचा पाऊस पडतो. खरें व खोटें निवडण्यास गणिताची चाळण लावावी लागते. दुसरी अडचण याहूनही मोठी आहे. खुर्चींतील माकड काय करीत आहे हें आधींच ठाऊक असे, कारण तें काम त्यास शिकविलेलें असे. मोकळें माकड मात्र क्षणोक्षणीं नवें कांहीं तरी करतें. तेव्हां मेंदूच्या प्रत्येक स्पंदाशेजारीं त्या क्षणीं माकड काय करीत होतें याची नोंद नसेल, तर तो सर्व संग्रह निरर्थक ठरेल. यासाठीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत एका मोठ्या पिंजऱ्याभोंवतीं ६२ कॅमेरे बसविण्यांत आले. त्यांच्या चित्रांवरून संगणक माकडाचें डोकें, मान, खांदे, गुडघे यांची जागा स्वतः ओळखून मांडतो, आणि तीही माकडाच्या अंगावर कसलीही खूण न चिकटवितां. २०२० सालीं या रचनेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

आतां या खटाटोपांतून काय निष्पन्न झालें तें सांगतों. पहिली गोष्ट नकाशाची. उंदराच्या मेंदूंत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात हें वर आलेंच आहे. माकडाच्या मेंदूंतही तंतोतंत तसेंच असेल असें पुष्कळांस वाटे. मोठ्या आवारांत मोकळेपणानें फिरून खाणें शोधणाऱ्या माकडांवर केलेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत निराळें चित्र दिसलें. त्याच हिप्पोकॅम्पसमधील पुष्कळ पेशी माकड कोठें उभें आहे एवढेंच सांगत नव्हत्या. त्याचें डोकें कोणीकडे वळलें आहे, किती कललें आहे, त्याची दृष्टि कोठें लागली आहे, या सर्वांची वार्ता त्या एकत्र देत होत्या. विचार केला तर हें योग्यच दिसतें. उंदीर मिशांनीं व नाकानें हुंगत, जमिनीस लागून जग जाणतो. माकड एका जागीं बसून लांबवरचें जग डोळ्यांनीं हिंडून येतें. आपणही तेंच करतों. खिडकींशीं बसून समोरचा डोंगर न्याहाळणारा मुलगा जागचा हलला नसला, तरी त्याच्या मेंदूस पुष्कळ प्रवास घडत असतो.

दुसरी गोष्ट मैत्रीची. एक माकड दुसऱ्याच्या अंगावरील केस विंचरीत बसलेलें आपण पाहतों व तें उवा वेंचीत आहे असें म्हणून हंसतों. वस्तुतः माकडांच्या समाजांत ही सेवा म्हणजे स्नेहाचें मोठें साधन आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील कॅमिल टेस्टार्ड, मायकेल प्लॅट व त्यांचे सहकारी यांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नरमादीच्या जोड्यांस मोकळें सोडून त्यांतील नरांच्या मेंदूची वार्ता बिनतारी यंत्रानें टिपली. खाणें, हिंडणें, खाजविणें, धमकाविणें, सेवा करणें, सेवा घेणें अशा २४ प्रकारच्या वर्तनांच्या खुणा मेंदूंतील पेशींच्या समुदायांत स्पष्ट दिसून आल्या. याहून नवलाची गोष्ट अशी कीं, दोघांनीं एकमेकांची केलेली सेवा शेवटीं जवळ जवळ सारखी भरे, आणि आपण किती सेवा केली व किती घेतली याचा चालता हिशेब त्या पेशींच्या स्पंदांत सांपडे. वाण्याच्या चोपडींत जमा व नांवें असे दोन रकाने असतात. तशीच कांहींशी चोपडी या मुक्या प्राण्याच्या डोक्यांत उघडी असते. तसेंच, कोणी परका धमकावूं लागला असतां सोबती जवळ असेल, तर मेंदूंतील व वागण्यांतील क्षोभ सौम्य होतो, असेंही आढळलें. संकटसमयीं मित्र जवळ असला म्हणजे धीर येतो, हें आपण अनुभवानें जाणतोंच. तो धीर माकडाच्या पेशींत प्रत्यक्ष मोजतां आला. ही गोष्ट एकट्या, जखडलेल्या माकडापासून कधींही कळली नसती.

तिसरी गोष्ट मनुष्याच्या अत्यंत उपयोगाची आहे. झाडावरून पडून अथवा मोटारीच्या अपघातांत पाठीचा कणा दुखावला, तर मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोंचत नाहीं. मेंदू शाबूत, पाय शाबूत, पण मधला रस्ता तुटलेला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ग्रेगॉर कूर्तिन व त्यांचे सहकारी यांनीं असा विचार केला कीं, रस्ता तुटला असेल तर निरोप हवेंतून पलीकडे न्यावा. एका बाजूचा मज्जामार्ग छेदलेल्या माकडाच्या मेंदूंत त्यांनीं वर वर्णिलेल्या प्रकारची चकती बसविली, पायांस हुकूम देणारे स्पंद बिनतारी यंत्रानें संगणकाकडे नेले, आणि संगणकाकडून कण्याच्या खालच्या भागांत बसविलेल्या विद्युत्तारांकडे योग्य क्षणीं संकेत पाठविले. इजा होऊन अवघे सहा दिवस झाले असतां एका माकडाचा लुळा पाय पुन्हां चालूं लागला. हा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. माकड मोकळेपणानें चालत असल्यावांचून चालण्याचा हा प्रयोग करतांच आला नसता, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. पुढें सात वर्षांनीं, २०२३ सालीं, याच तत्त्वावरील योजनेचा लाभ नेदरलंड देशांतील एका गृहस्थास मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. २०११ सालीं सायकलीच्या अपघातांत त्यांचे पाय निकामी झाले होते. ते आतां कुबड्यांच्या आधारानें उभे राहूं लागले, चालूं लागले व जिनाही चढूं लागले. आणि सरावानंतर यंत्र बंद असतांही त्यांस थोडें फार चालतां येऊं लागलें. ज्या घरांत असा रोगी असेल, त्या घरच्या मंडळींस या बातमीचें मोल सांगावयास नको.

येथवरचा मजकूर वाचून कांहीं कोमल मनाच्या विद्यार्थ्यांच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला असेल, तो टाळून पुढें जाणें आम्हांस उचित वाटत नाहीं. ज्या माकडाचा मज्जामार्ग छेदला, त्यानें काय अपराध केला होता? त्याच्या संमतीवांचून त्याचें डोकें उघडण्याचा अधिकार मनुष्यास कोणी दिला? या प्रश्नावर सुज्ञ माणसांत मतभेद आहेत. कांहींचें म्हणणें असें कीं, असले प्रयोग कोणत्याही कारणास्तव होऊं नयेत. दुसरे म्हणतात कीं, पंगु झालेल्या मनुष्याकडे पाठ फिरविणें हेंही क्रौर्यच आहे. इंग्लंडांतील रसेल व बर्च या दोन शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं एक त्रिसूत्री मांडली, ती आज पुष्कळ देशांत मान्य झाली आहे: जेथें प्राण्यावांचून भागेल तेथें प्राणी वापरूं नये, वापरणें भागच असेल तर कमींत कमी वापरावे, आणि जे वापरावयाचे त्यांस कमींत कमी पीडा होईल अशी पद्धति योजावी. माकडास खुर्चींतून मोकळें करणें हें या तिसऱ्या सूत्राचें एक उदाहरण होय. येथें दया व ज्ञान यांचा मार्ग एकच झाला आहे. मोकळ्या माकडास कष्ट कमी होतात, त्यास सोबत्यापासून दूर ठेवावें लागत नाहीं, आणि शास्त्रज्ञासही अधिक खरें उत्तर मिळतें. तथापि शस्त्रक्रियेचें दुःख व बंदिवास हीं अद्याप आहेतच, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

या विषयाशीं आपल्या देशाचाही संबंध आहे. प्रयोगशाळांत जें माकड सर्वाधिक वापरलें जातें, तें लाल तोंडाचें ऱ्हीसस माकड मूळचें आपल्या उत्तर भारताचें. महाराष्ट्राच्या दक्षिण भागांत व कोंकणांत जें आखूड केसांचा भांग पाडल्यासारखें माकड दिसतें, तें त्याचें जवळचें भावंड होय. पोलिओची लस तयार करण्याच्या काळांत आपल्या देशांतून लक्षावधि ऱ्हीसस माकडें परदेशीं रवाना झालीं. भारत सरकारनें १९७८ सालीं ही निर्यात बंद केली. त्याच्या पूर्वींच, १९६० सालीं, प्राण्यांस निर्दयपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे झाला होता, आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिति नेमण्याची तरतूदही त्यांत आहे. मनुष्याच्या मेंदूविषयींही आतां कायदे होऊं लागले आहेत. डेल्गाडोच्या बैलाची जी भीति आम्ही वर सांगितली, तिचा विचार करूनच दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें २०२१ सालीं आपल्या राज्यघटनेंत मनुष्याच्या मेंदूंतील व्यापारांस संरक्षण देणारी तरतूद घातली. मेंदूची वार्ता ऐकण्याची विद्या जसजशी वाढेल, तसतसें ती कोणी ऐकावी व कोणी ऐकूं नये हें ठरविण्याचें काम पुढच्या पिढीवर, म्हणजे आज या शाळेच्या बाकांवर बसणाऱ्या मुलामुलींवर, पडणार आहे.

ईश्वरानें इतर प्राण्यांवर मनुष्यास सत्ता दिली, असें आपण मानतों. सत्ता ज्याच्या हातीं असते त्याच्याकडून हिशेबही मागितला जातो. माकडाच्या मेंदूनें आपल्या मित्राच्या सेवेचा हिशेब ठेवावा, आणि ज्या माकडांच्या देहावर आपलें ज्ञान उभें राहिलें त्यांच्या सेवेचा हिशेब मनुष्यानें विसरावा, हें आपणांस शोभणारें नव्हे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं जे पुढें वैद्य होतील, यंत्रज्ञ होतील अथवा संशोधनास वाहून घेतील, त्यांनीं हें ऋण ध्यानांत ठेवावें. जे यांपैकीं कांहींच होणार नाहींत, त्यांनीं निदान कौलांवर बसलेल्या माकडास दगड मारण्यापूर्वी क्षणभर थांबावें. त्याच्या त्या लहानशा डोक्यांत अंतराचें गणित, वाटेचा नकाशा आणि सोबत्याचा स्नेह हीं तिन्ही त्या वेळीं जागीं असतात, हें आतां आपणांस ठाऊक झालें आहे. पालकांसही आमची एक विनंति आहे. मूल कधीं माकडाकडे टक लावून बसलें असेल, तर त्यास वेळ दवडल्याबद्दल रागें न भरतां, तें काय पाहत आहे हें विचारावें. कदाचित् त्याच्या उत्तरांत आपणांसही कांहीं नवें सांपडेल.